फुप्फुसातल्या सिस्टविषयी मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

दीड वर्षाच्या मुलाच्या फुप्फुसात सिस्ट (हवेने भरलेली पिशवी) दिसली आहे, पण मूल खाऊनपिऊन हसतेखेळते आहे, तेव्हा शस्त्रक्रियेची घाई कशाला, असे त्याचे आईवडील विचारतात हे तू कळवलेस. त्यांचे विचारणे रास्तच आहे, कारण अशा बहुतेक सिस्ट जन्मजात आणि निरुपद्रवी असतात. मात्र त्यांतल्या थोड्या प्रत्यक्षात प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या फुप्फुसाचा कर्करोग, असतात आणि सीटी स्कॅनवरून त्या खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून थांबण्याच्या मी विरुद्ध आहे.

हा कर्करोग इतका विरळा की त्याला स्वतंत्र ओळख मिळाली तीच १९८८ साली. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाशी किंवा धूम्रपानाशी त्याचा काही संबंध नाही. घडत असलेल्या फुप्फुसातच तो उपजतो. तान्ह्या वयात नुसती हवेची सिस्ट असते, काहींत ती तशीच राहते, पण काहींत दोन-तीन वर्षांत भरीव गाठ वाढते आणि ती मेंदूपर्यंतही पसरू शकते. या आजाराच्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या २०१५ च्या अहवालात पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सिस्टच्या प्रकारात ९१ टक्के, तर भरीव प्रकारात ५३ टक्के आहे. भरीव गाठीची मुले ताप, खोकला आणि धाप घेऊन येतात, त्यामुळे न्यूमोनिया समजून उपचार करण्यात आठवडे जातात, हे तुला मी काय सांगावे!

पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझ्या टेबलावरची गोष्ट मात्र सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली सिस्टची भिंत अगदी साधी दिसते, वर श्वसनमार्गाच्या पेशींचे नीट अस्तर असते, आणि एखाद्याच जागी त्याखाली लहान, गडद पेशींचा दाट पट्टा किंवा कोवळ्या कूर्चेचा ठिपका सापडतो. तेवढाच भाग तपासायचा राहिला, तर अहवाल निर्धोक म्हणून जातो. तेव्हा सर्जनना सांग की सिस्ट न फोडता अख्खी काढावी आणि सगळीच्या सगळी पाठवावी. दोन तुकडे पाहून सही करणारे आमच्यातही आहेत, त्यामुळे पॅथॉलॉजिस्टशी आधी बोललेले बरे.

आईला किंवा मावशीला कमी वयात गलगंड झाला होता का, भावंडांत कोणाच्या मूत्रपिंडात सिस्ट निघाली होती का, हेही विचार. या आजाराच्या बहुसंख्य मुलांत डायसर-१ जनुकातला दोष जन्मतःच असतो, हे २००९ पासून ठाऊक आहे, आणि त्याच दोषाने घरात गलगंड किंवा मूत्रपिंडातल्या सिस्टही दिसतात. तो निघाला तर मुलाच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी करावी लागेल, आणि ती तान्ही असतानाच केलेली बरी.

सीटीची सीडी कुरिअरने पाठव.

तुझा,
अनिरुद्ध