त्या पहाटे ड्युटीवर असलेल्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

ज्या पहाटे तुम्ही माझ्या बाबांना हृदयविकाराच्या झटक्यातून वाचवलंत, त्या पहाटे तुमच्या छातीवरचा बिल्ला वाचण्याचं भान मला नव्हतं. नाव नंतर कळलं, पण तुम्हाला आवडणार नाही म्हणून इथे लिहीत नाही. मागे काजूचा डबा घेऊन आले होते, तेव्हा तो तुम्ही परत केलात आणि म्हणालात, "त्यात काय एवढं, ड्युटीच ती माझी." ते उत्तर माझ्या मनात तेव्हापासून अडकून राहिलं आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता, काजूचा ऐन हंगाम. बाबा दिवसभर बागायतीत होते, संध्याकाळी बोंडू, म्हणजे काजूची फळं, मळायलाही उभे राहिले. पहाटे चारच्या सुमारास उठून बसले आणि पोटाच्या वरच्या भागाला हात लावून म्हणाले, "जळजळतंय." आईने पाण्यात कोकमाचं आगळ घालून दिलं. थोड्या वेळाने उलटी झाली आणि आम्हाला हायसं वाटलं, पित्त पडलं एकदाचं. त्या समजुतीत आमचा तासभर गेला. मग दिव्याच्या उजेडात मला त्यांचा बनियन दिसला. पिळून काढावा इतका ओला. आमच्या डोंगराकडच्या बाजूला एप्रिलमध्येही पहाटे गारवा असतो. त्या गारव्यात माणूस इतका घामाघूम का व्हावा?

शेजाऱ्यांच्या जीपमधून येताना मला काका आठवत होते. बारा वर्षांपूर्वी त्यांनाही हेच झालं होतं. ज्या ठिकाणी नेलं तिथे पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुपार व्हायच्या आत ते गेले. ईसीजी कोणी काढलाच नव्हता. नंतर आमच्या घरी कोणी विचारलंही नाही की तो का काढला नाही. विचारायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही आरोग्य केंद्रात पोचलो तेव्हा पाच चाळीस झाले होते. दारातच मी म्हटलं, "पित्त झालंय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही, बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलंत. "पित्त असलं तर बरंच, पण आधी ईसीजी काढूया."

मग जे तुम्ही केलंत ते मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून पाहिलं. घामामुळे छातीवर काही चिकटतच नव्हतं. तुम्ही बाबांच्याच पंचाने छाती कोरडी केलीत, दोन ठिकाणचे केस ब्लेडने काढलेत, बरगड्या बोटांनी मोजून एकेक जागा ठरवलीत. चार तारा हातापायांना, सहा छातीवर. पहिला कागद आला तो कापऱ्या हाताने रेघा ओढाव्यात तसा, कारण बाबा थरथरत होते. तुम्ही तो फाडून बाजूला ठेवलात, त्यांच्या पायांवर ब्लँकेट घातलंत आणि म्हणालात, "बाबा, भियेनाका. हात सैल सोडा, जड होऊं देत." मग दुसरा काढलात. खरं सांगते सिस्टर, त्या दोन मिनिटांचा मला तेव्हा राग आला होता. कागद निघाला होता ना, मग पाठवत का नाहीत?

दुसरा कागद बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेला आणि काही मिनिटांत फोन वाजला. हृदयाच्या खालच्या भिंतीकडची रक्तवाहिनी तुंबली होती. अशा झटक्यात दुखणं पोटात जाणवतं, उलटी होते, घरचे पित्त समजतात. हे मी नंतर वाचलं. पलीकडच्या डॉक्टरांनी तुम्हाला छातीच्या उजव्या बाजूला तारा लावून आणखी एक आलेख काढायला सांगितलं. त्याच वेळी आमच्या शेजाऱ्यांनी खिशातून जिभेखाली ठेवायची गोळी काढली होती आणि तुम्ही त्यांचा हात धरलात. "प्रेशर कमी आहे. विचारल्याशिवाय नको." उजव्या बाजूचा आलेख पाहून डॉक्टरांनीही तेच सांगितलं. हृदयाच्या उजव्या कप्प्याला इजा झालेली असताना ती गोळी प्रेशर आणखी खाली आणते. चांगल्या मनाने पुढे आलेला तो हात तुम्ही धरला नसतात तर काय झालं असतं, याचा मी अजूनही पुरता विचार करू शकत नाही.

तोवर अ‍ॅस्पिरिन चावून झाली होती आणि फोनवरचे प्रश्न सुरू झाले. पूर्वी कधी अर्धांगवायू? डोक्याला मार? अलीकडे ऑपरेशन? शौचाला काळं होतं का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? एकेक प्रश्न तुम्ही आईला सोप्या शब्दांत विचारत होतात आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जात नव्हतात, कारण गुठळी विरघळवणारं औषध मेंदूत रक्तस्रावही घडवू शकतं. वजन विचारलंत. आईने अंदाज सांगितला, तो तुम्हाला पुरेसा वाटला नाही. टेनेक्टेप्लेज या त्या औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि सगळा एकाच वेळी, काही सेकंदांत द्यायचा असतो. केंद्रातल्या डॉक्टरसाहेबांनी ते इंजेक्शन दिलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून आठ मिनिटं झाली होती. पोचल्यापासून अठ्ठावीस. अर्ध्या तासाच्या आत सुई टोचली जावी असं उद्दिष्ट असतं, हे मला बांबोळीला कळलं. बाहेर हजारो रुपये मोजावे लागतात ते औषध बाबांना तालुक्यात, एक पैसा न भरता मिळालं.

मी विज्ञान शिकवते, म्हणून नंतर शोधत बसले. लायडनच्या आइंटहोवेन यांनी १९०५ साली दवाखान्यातल्या रुग्णाचा हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता. तेव्हा रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायचे. म्हणजे आलेख दूर पाठवण्याची कल्पना शंभरावर वर्षं जुनी आहे. आमच्या सत्तरी तालुक्यात ती पोचायला मात्र काकांसारखी किती माणसं गेली. बांबोळी आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. आमच्याकडे "बांबोळीला नेलं" एवढं म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही. ते अंतर आजही तेवढंच आहे. पण रुग्ण पोचायच्या आधी त्याचा आलेख तिथे पोचतो आणि उपचार इथेच सुरू होतो, एवढ्याने बाबा वाचले.

एकशे आठची रुग्णवाहिका आली तेव्हा त्यांचं दुखणं निम्म्यावर आलं होतं. मध्येच मॉनिटरवरचे ठोके वेडेवाकडे झाले, तेव्हा तुम्ही फोन कानाला लावूनच मला खुणेने सांगितलंत की थांबा. रक्तवाहिनी उघडताना असं होऊ शकतं. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. तिथल्या डॉक्टरांनी आलेख हातात धरून विचारलं, "हा कोणी काढला? उजव्या बाजूचासुद्धा इतका स्वच्छ?" ते तुमच्यापर्यंत पोचलं नसणार, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

पुढचा सल्ला आता बराचसा ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून होतो. बाबा आरोग्य केंद्रात बसतात, पडद्यावर डॉक्टर असतात, प्रेशरची वही तुम्ही किंवा तुमच्या सहकारी वाचून दाखवतात. पूर्वी एका तपासणीसाठी पहाटेची बस, दिवसभराची रांग आणि एका माणसाची मजुरी जायची. तरी मला सगळ्यांना सांगायचं आहे की हे पडद्याने झालं नाही. पलीकडचा डॉक्टर कितीही मोठा असो, त्याला तेवढंच दिसतं जेवढं अलीकडचा माणूस नीट पाठवतो. यंत्रं येतील, यावीतच. पण प्रत्येक आरोग्य केंद्रात रात्रपाळीला हे शिकलेली किमान दोन माणसं असावीत, आणि घाटाकडच्या वाड्यांवर फोन लागावा. आम्हाला जीपवाल्याला बोलवायलासुद्धा उतारावर यावं लागलं होतं. ही मागणी मी पंचायतीतही लेखी दिली आहे.

तुम्ही बाजूला ठेवलेला तो पहिला, बिघडलेला कागद मी उचलून आणला होता. तो दुसऱ्याच्या प्रतीशेजारी ठेवून नववीच्या मुलांना दाखवते. उष्णतेने उमटणाऱ्या त्या रेघा हळूहळू पुसट होतात, म्हणून दोन्हींची झेरॉक्स काढून ठेवली आहे.

बाबा आता सकाळी देवळापर्यंत चालत जातात. काजूच्या रसाची दारू, हुर्राक, बंद, बोंडू मळणं बंद, पण बागायतीत जाऊन बसणं बंद झालेलं नाही. पुढच्या गुरुवारी प्रेशर तपासायला येतील तेव्हा पिशवीत ओले काजू असतील. ते आईने सोललेले आहेत, सिस्टर. या वेळी परत पाठवू नका.

तुमची ऋणी,
सत्तरीतली एक लेक