'स्कोप' विचारणाऱ्या पालकांच्या बाजूने: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मुलांमागे मार्कांचा तगादा लावू नका, शिक्षण म्हणजे केवळ नोकरी नव्हे, असे पालकांना व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते. तिथे टाळ्या वाजवणारे पालकच दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला विचारतात, "बाई, या विषयाला स्कोप आहे का?" मी 22 वर्षे विज्ञान शिकवते आहे. हा प्रश्न ऐकून मी कित्येक वर्षे मनातल्या मनात चिडत आले. आज मात्र त्या पालकांच्या बाजूने लिहिते आहे.

माझी चीड एका पालकसभेत गेली. आठवीतली एक मुलगी दिवसा चंद्र दिसला की त्याची जागा आणि आकार वहीत टिपून ठेवायची. तो दिवसाउजेडी का दिसतो, हे तिला स्वतःच शोधून काढायचे होते. मी ती वही तिच्या वडिलांना कौतुकाने दाखवली. त्यांनी पाने उलटली, वही मिटली आणि विचारले, "हे परीक्षेला आहे का?" मी त्यांना चांगलेच सुनावले. मुलीचे कुतूहल मारू नका, इथपर्यंत बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाई, मी 11 वर्षं एकच काम करतोय. मागून आलेल्या एका पोराला ते मीच शिकवलं. आज तो माझा साहेब आहे, कारण त्याच्याकडे कागद आहे. हिला चंद्र आवडतो, ते मलाही आवडतं. पण हाती कागद नसला, तर तो बघायची सवड तिला कोण देणार?"

मला उत्तर देता आले नाही. शिक्षण कशासाठी, हे त्या माणसाला माझ्याइतकेच कळत होते. फक्त चूक करून बघण्याची मुभा त्याला नव्हती.

1948 च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातले 26 वे कलम आपल्याला माहीत असेलच. माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचा पूर्ण विकास हे शिक्षणाचे ध्येय असावे, असे ते सांगते. मुलांना कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यायचे, हे ठरवण्याचा पहिला हक्क पालकांचा, असेही तेच कलम सांगते. 1989 च्या बालहक्क कराराच्या 29 व्या कलमात शिक्षणाची उद्दिष्टे मांडली आहेत: मुलाच्या गुणांची आणि क्षमतांची वाढ, मानवी हक्कांचा आदर, जबाबदार जगणे, निसर्गाची कदर. त्यात नोकरीचे नावही नाही. मला ते कलम मनापासून आवडते. पण घरी जाणाऱ्या प्रगतिपुस्तकात यातले काय असते? विषय, गुण, टक्के आणि वर्गातला क्रमांक. शाळा काय मोजते ते पाहूनच पालक शिक्षणाचा हेतू ठरवतात. मी स्वतः आई आहे, आणि माझ्या मुलाचे प्रगतिपुस्तक हाती आले की माझीही नजर आधी क्रमांकावर जाते.

याची किंमत मूल मोजते. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना ते अचानक दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळेत पहिल्या गटातली मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना दिसली. बक्षिसाच्या कबुलीने आवडीचे रूपांतर कामात झाले होते. आपण तर हे बारा-बारा वर्षे करतो.

बंदी घालून पालकांचे मन बदलत नाही. दक्षिण कोरियाने 1980 मध्ये खासगी शिकवण्यांवर बंदी आणली, 2000 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. चीनने 2021 मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली, तरी लपूनछपून शिकवण्या चालूच राहिल्या. शिडीची वरची पायरी अरुंद असेल, तर आईबाप मुलाला कसेही करून त्या पायरीवर चढवणारच. सिंगापूरने 2019 पासून प्रगतिपुस्तकातून वर्गातला क्रमांक काढून टाकला. तेवढ्याने स्पर्धा संपत नाही, हे मान्य. पण निदान शाळेने स्वतःच्या हाताने मुलांना रांगेत उभे करणे थांबते.

माझे मागणे मोठे नाही. प्रगतिपुस्तकातून क्रमांक काढा. त्या जागी मुलाने वर्षभरात कोणते प्रश्न विचारले आणि कशात रमले, हे शिक्षकाने चार ओळींत लिहावे, आणि त्यासाठी त्याला वेळ द्या. पहिल्या आलेल्या मुलांचे फलक लावणे बंद करा. आणि सर्वांत अवघड काम: ज्याला कागद मिळाला नाही, त्याला कौशल्याच्या जोरावर पुढे जाण्याची, मोठेपणी पुन्हा शिकायला येण्याची वाट सरकारने उघडावी. ती वाट दिसेल, तेव्हा त्या वडिलांना चंद्राच्या वहीची भीती वाटणार नाही.

नव्या प्रगतिपुस्तकाचा नमुना छापायला जाण्याआधी, कोणालाही न कळवता, एखाद्या पालकसभेत मागच्या बाकावर येऊन बसा. बोलू नका, फक्त ऐका.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका