‘बंद करा’ म्हटल्यावरच उतरणारा भाव : दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

महोदय,

घरच्या ब्रॉडबँडला दोन दर असतात. एक वेबसाइटवरचा आणि दुसरा ‘कनेक्शन बंद करायचंय’ म्हटल्यावर निघणारा. हा दुसरा कुठेच छापलेला नसतो.

तो काढून घ्यायची रीत जाणकारांना पाठ आहे. बिलाच्या आठ-दहा दिवस आधी अ‍ॅपमध्ये तीन महिन्यांचा डेटावापर बघायचा. वेग लॅपटॉपला लॅन केबल जोडून मोजायचा; वायफायवर मोजला तर भिंतींचा दोष लाइनच्या माथी बसतो आणि माणूस उगाच मोठा प्लॅन घेतो. इमारतीत दुसऱ्या कोणाची फायबर आहे, तिचा दर काय, हे टिपून ठेवायचं. मग फोन. पहिल्यांदा जो उचलतो त्याच्या हातात सूट नसते, त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. बंद करण्याची विनंती नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे त्या विनंतीचा नोंदणी क्रमांक, घ्यायचा. बहुधा दोन-तीन दिवसांत दुसऱ्या विभागातून फोन येतो आणि भाव तिथे उतरतो. ९९९चा प्लॅन ६९९ला आला, तर १८ टक्के जीएसटी धरून वर्षाला ४,२४८ रुपये वाचतात.

घोळ होतो तो यानंतर. सूट तोंडी असते, पुढचं बिल जुन्याच दराने येतं. किंवा सूट सहाच महिन्यांची निघते, आणि सातव्या महिन्यात कोणी सांगत नाही. लेखी काही नसेल तर कंपनीच्या अपील प्राधिकरणापुढे ग्राहक काय दाखवणार?

मोबाइलवाल्याला २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९००वर एसएमएस केला की त्यासाठीचा कोड मिळतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. घरच्या लाइनला तसं काही नाही. ज्या सोसायटीत एकाच कंपनीची तार आली आहे, तिथे तर ‘बंद करा’ ही धमकीही पोकळ, आणि हे कंपनीला आपल्याआधी ठाऊक असतं.

मोबाइल कंपन्यांनी निवडक ग्राहकांना दिलेल्या ऑफर्सचा तपशील ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं होतं. ब्रॉडबँडमध्ये तो थेट ग्राहकापर्यंत यायला हवा. फोनवर कबूल केलेला दर, मुदत आणि मुदतीनंतरचा दर त्याच दिवशी एसएमएसने पाठवणं सक्तीचं करा. आणि सोसायटीच्या डक्टमध्ये (तारा नेण्याच्या मार्गात) दुसऱ्या कंपनीला तार टाकू न देणारे करार रद्द करा. त्यावाचून पहिली सुधारणा अर्धीच राहील.

आपले,
काही ब्रॉडबँड ग्राहक