खात्री होईपर्यंत थांबू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की लाइन गेली, ते विचारत नाही. राजीनामा दिलास, कॅनडाच्या अगदी उत्तरेला पाँड इनलेटला जायचं ठरवलंस, त्यावर मी आता वाद घालणार नाही. बाबांनी नकाशावर बॅफिन बेटाच्या उत्तर टोकाला टाचणी लावली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मलाही अभिमान आहे, फक्त तो रात्री झोपू देत नाही.

एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवून बसले आहे. त्यामुळे कामाचंच लिहिते.

टोरांटोच्या वॉर्डात रात्रीसुद्धा तुझ्या मागे रेसिडेंट असतो, रक्तपेढी असते, आयसीयू लिफ्टच्या अंतरावर असतं. तिथे आरोग्य केंद्र नर्सच चालवतात आणि डॉक्टर बहुतेक वेळ फोनवर भेटतात. अख्ख्या नुनावूट प्रदेशात, ज्यात तुझं गाव येतं, रुग्णालय एकच, इकालुइटला, तुझ्यापासून हजार किलोमीटरवर. 25 वस्त्या आणि एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही. रुग्ण हलवायचा तर विमान. विमान येणार हवामान, धावपट्टी आणि वैमानिकांच्या ड्यूटीचे तास जुळले तर. सगळं जुळलं तरी कित्येक तास जातात, हिमवादळ असेल तर दिवसही. म्हणून वॉर्डातला हिशेब तिथे चालत नाही. रुग्ण बिघडला की फोन, असं नाही. बिघडेल अशी शंका आली की फोन.

बघ, लिहिलंच.

दोन महिन्यांचं बाळ समज. खोकल्याचा तिसरा दिवस, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 93, श्वास मिनिटाला 58, दूध निम्म्यावर आलेलं. वॉर्डात तू नाक सक्शन करून दोन तासांनी पुन्हा बघशील आणि ते बरोबरच असेल. पण ब्राँकिओलायटिस, म्हणजे तान्ह्यांच्या बारीक श्वासनलिकांची सूज, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त बिघडतो, म्हणजे या बाळाचा वाईट काळ अजून यायचाय, आणि इतकं लहान बाळ श्वास घ्यायचंच थांबू शकतं. तिथल्या मूळच्या इनुइट लोकांच्या तान्ह्या मुलांना आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूमुळे दाखल करावं लागण्याचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. घरं कमी, एकेका घरात माणसं फार. तेव्हा सक्शन कर, छाती आत ओढली जातेय का, नाकपुड्या फुलतात का, लंगोट किती तासांपूर्वी ओला झाला ते लिही, आणि लगेच फोन लाव. "अजून ठीक आहे, पण मला बरं वाटत नाहीये" एवढं म्हटलं तरी पुरतं. तिकडच्या डॉक्टरला हवामान बघून विमानाचं ठरवायला वेळ मिळतो.

विमानाची वाट बघताना ऑक्सिजन मोज. ई आकाराच्या सिलिंडरला काट्यावरच्या दाबातून, म्हणजे पीएसआयमधून, 200 राखीव म्हणून वजा कर, उरलेल्याला 0.28 ने गुण आणि मिनिटाला जितके लिटर देतेस त्याने भाग. 2000 पीएसआय असेल तर 504 लिटर होतात. बाळाच्या अर्ध्या लिटरवर ते सोळा तासांहून जास्त जातात, मोठ्या माणसाच्या 10 लिटरच्या मास्कवर जेमतेम 50 मिनिटं. हवेतून ऑक्सिजन काढणारा कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली की हाच हिशेब. न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत हवा कोंडलेली, असेल तर नळी घालायची का ते विमान उडण्याआधी ठरलं पाहिजे, कारण वर गेल्यावर कोंडलेली हवा फुगते.

आणि बाळंतपण. बायकांना 36व्या आठवड्याच्या सुमारास वस्ती सोडून इकालुइटला किंवा ओटावाला जावं लागतं. घरची मुलं मागे ठेवून आठवडेच्या आठवडे परक्या जागी राहायचं, म्हणून एखादी तारीख लपवते. तिला रागावू नकोस, तयारी ठेव. बाळ येताच ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत. रक्तस्राव थांबत नसेल तर गर्भाशय चोळ, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम शिरेतून 10 मिनिटांत दे. सुरुवातीपासून 3 तासांच्या आत दिलं तरच उपयोग. रक्ताची पिशवी तिथे मिळणार नाही. 500 मिलि भरेपर्यंत मोजत बसायचं नाही, एक हात गर्भाशयावर आणि दुसऱ्याने स्पीकरवर डॉक्टर.

चिंचवडच्या जिन्यावरून पडलीस तेव्हा दोन दिवस डाव्या हाताने जेवलीस. आक्काने त्यावरून ओरडायला म्हणून उजवा हात धरला, तेव्हा मनगट मोडलंय हे घराला कळलं. त्या वेळी सगळे म्हणाले, किती सोशिक पोर. मला तेव्हाही ते कौतुक आवडलं नव्हतं. तू विचारत नाहीस, मनू. स्वतःची पूर्ण खात्री झाल्यावर सांगतेस. वॉर्डात त्याला हुशारी म्हणतात, कारण उशीर झाला तरी लिफ्ट असते.

भाषण झालं. माफ कर. तू माझ्यापेक्षा चांगली नर्स आहेस, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

माणसांविषयी थोडं. भुवया वर गेल्या की होकार, नाक आक्रसलं की नकार. मुलं तोंडाने उत्तर देत नाहीत असं वाटेल. त्यांनी केव्हाच दिलेलं असतं, तू कागदात बघत असतेस. दुभाषी बहुधा रुग्णाची नातेवाईक निघेल, तेव्हा नाजूक प्रश्न विचारण्याआधी तिला चालेल ना, हे रुग्णालाच विचार. क्षयाच्या बाबतीत फार जपून बोल. 1940 ते 1960 च्या दशकांत तिथल्या रुग्णांना जहाजांवरून दक्षिणेच्या सॅनेटोरियममध्ये नेलं, सी. डी. हाउ हे त्यातलं एक जहाज. कित्येक परतले नाहीत आणि कुठे पुरले हे घरच्यांना कळलंच नाही. 2019 च्या मार्चमध्ये पंतप्रधान ट्रूडोंनी इकालुइटला जाऊन माफी मागितली. म्हणून एखादी आजी "दक्षिणेला जावं लागेल" हे ऐकून गप्प झाली तर तो अडाणीपणा समजू नकोस. कुठे, किती दिवस, सोबत कोण, परत कधी, हे आधी सांग, फॉर्म नंतर.

थंडीचं तुला ठाऊक आहे. तरी लसींच्या बाबतीत सवय बदल. इथे लस उन्हाने बिघडेल अशी भीती, तिथे धावपट्टीवरून आणताना गोठेल अशी. घटसर्प-धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीच्या लसी एकदा गोठल्या की वाया, वितळून दिसायला नीट दिसल्या तरी. थंडीने अंग गार पडलेल्या, हायपोथर्मियाच्या रुग्णाला नेहमीचा थर्मामीटर पुरत नाही, कमी तापमान दाखवणारा कुठे ठेवलाय ते पहिल्याच दिवशी बघ. त्याला हलवताना धसमुसळेपणा नको, 28 अंशांखाली हृदय तेवढ्यानेही फायब्रिलेशनमध्ये जातं, नुसतं थरथरत राहतं. शिकारीच्या तंबूतून एकाच घरचे तिघे डोकं दुखतंय म्हणून आले तर स्टोव्हचा धूर आठव. कार्बन मोनॉक्साइडमध्ये बोटावरचा ऑक्सिमीटर खोटं 98 दाखवतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत सूर्य उगवणार नाही. झोपेची वेळ घड्याळाने पाळ. हिवाळ्यात तुझ्या रात्रीच्या दोनला इथे दुपारचे साडेबारा असतात, मी जागीच असते. रुग्णाचं नाव-गाव सांगू नकोस, नुसतं बोल. पण माझ्या आधी डॉक्टरला.

लहान विमानात वजन जास्त झालं की सामान मागे ठेवतात. रजिस्ट्रेशनचे कागद, स्टेथोस्कोप, तीन दिवसांचे गरम कपडे हातातल्या बॅगेत घे. इनहेलर दोन, आणि ते कोटाच्या आतल्या खिशात. बाहेरच्या खिशात गारठला तर फवारा नीट येत नाही. रात्री खोकला सुरू झाला तर बरोबरच्या नर्सला उठव.

आई