आजाराचे नाव रुग्णाला लिहून द्यावे

संपादक महोदय,

इंटरनेटवर वाचून रुग्ण घाबरतात, ही डॉक्टरांची तक्रार खरी आहे. पण त्या भीतीचे एक कारण असे की, नेमके कोणत्या नावाने शोधायचे हेच बहुतेक रुग्णांना ठाऊक नसते. माझ्या आईला ‘थायरॉइड आहे’ एवढेच सांगितले गेले होते. त्या शब्दाने शोधल्यावर ग्रंथी मंदावल्याची, ती अतिसक्रिय झाल्याची आणि कर्करोगाचीही पाने एकापाठोपाठ समोर आली आणि दोन रात्री घरात कोणाला झोप लागली नाही. पुढे अहवालावरचा ‘हायपोथायरॉइडिझम’ (म्हणजे ग्रंथी मंदावणे) हा शब्द आणि गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले ‘लेव्होथायरॉक्सिन’ हे मूळ नाव टाकून शोधले, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या ‘मेडलाइनप्लस’ या संकेतस्थळावर सारे सोप्या इंग्रजीत मिळाले. या गोळीत आणि कॅल्शियमच्या गोळीत ४ तासांचे अंतर हवे, हेही तिथेच कळले. आई दोन्ही एकदमच घेत होती. डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी लगेच वेळा बदलून दिल्या.

१९९८ पासून चालू असलेले हे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि जाहिराती घेत नाही. १८९९ मध्ये डॉक्टरांसाठी पुस्तकरूपाने निघालेल्या ‘एमएसडी मॅन्युअल’ची सर्वसामान्यांसाठीची आवृत्तीही फुकट वाचता येते, ती एका औषध कंपनीची आहे, एवढे मात्र ध्यानात असावे. एखाद्या उपचाराचा खरोखर किती उपयोग होतो हे पाहायचे असेल, तर वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश वाचावेत, कारण त्यांत एकाच प्रश्नावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासलेले असतात. ‘पबमेड’ या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत खऱ्या, पण उंदरांवरचा एखादा प्रयोग वाचून हुरळून जाण्याचा किंवा खचण्याचा धोकाही तिथेच मोठा आहे. पानावरच्या विश्वासार्हतेच्या शिक्क्यावरही विसंबू नये. असा एक प्रसिद्ध शिक्का देणारी ‘हेल्थ ऑन द नेट’ ही संस्था २०२२ मध्येच बंद झाली. मजकूर कोणी लिहिला, त्याचा खर्च कोण करते आणि तो शेवटचा कधी तपासला गेला, हे आपणच पाहावे लागते.

तरी डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी चिठ्ठीवर निदानाचे पूर्ण नाव आणि औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहून द्यावे आणि रुग्ण वाचून काही विचारू लागला, तर आमच्या डॉक्टरांनी ऐकून घेतले तसे त्याचे ऐकून घ्यावे.

आपली,
एक वाचक