सोलर आणि नव्या बोअरच्या आधी गळती, पंप आणि दिवे: अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व समिती सदस्य,
हौसिंग बोर्ड वसाहत, बेळगाव.

विषय: सामाईक पाणी व विजेच्या कामांचा क्रम ठरवण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या सभेपुढे दोन विषय आहेत: गच्चीवर ५ किलोवॅटचे सोलर आणि आवारात दुसरी बोअर. दोन्हींना विरोध नाही. पण ही कामे शेवटी करायची आहेत. आधी घरोघरची गळती, मग पंप व त्याचा पाइप, मग जिन्याचे दिवे एवढे उरकले तर सोलर निम्म्याहून लहान पुरेल, आणि बोअर खरोखर लागणार आहे का हेही कळेल.

कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे ठरवून दिलेल्या मर्यादेत (महिन्याला जास्तीत जास्त २०० युनिट) वापर असणाऱ्या घरांना हेस्कॉमचे, म्हणजे वीज कंपनीचे, बिल भरावे लागत नाही. जिना आणि पंप यांचे सामाईक मीटर त्यात बसत नाही, ते बिल मेंटेनन्समधून जाते. त्यामुळे एखाद्या घरातला फ्लश रात्रंदिवस वाहत असला तरी त्या घराला त्याची झळ लागत नाही, आणि पंप मात्र सगळ्यांच्या पैशावर चालतो. शिवाय राकसकोप जलाशयाचे असो की हिडकल धरणाचे, हे पाणी शहरापर्यंत पोहोचायलाच बरीच वीज लागलेली असते. आपल्या संपमधून (जमिनीखालच्या टाकीतून) ते आपण पुन्हा एकदा वर चढवतो.

पहिली चाचणी टाकीची. तिला खर्च नाही, फक्त दोन रात्री हव्यात. वरची टाकी आतून ३ बाय २ मीटर आहे, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ६० लिटर गेले. पहिल्या रात्री १ वाजता पंप बंद ठेवून पातळीवर खडूची खूण करायची, खाली जाणारे दोन्ही विंगचे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे आणि ४ वाजता मोजायचे. त्या वेळात पाणी वापरू नये, अशी नोटीस आदल्या दिवशी लावावी. समजा ३ सेंटिमीटर उतरले, तर १८० लिटर तीन तासांत गेले, म्हणजे दिवसाला १,४४० लिटर. दुसऱ्या रात्री दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून तेच मोजायचे. आता पातळी थांबली तर गळती घरांत किंवा खालच्या पाइपात आहे. तरीही उतरली तर टाकीला तडा आहे, नाहीतर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. जुन्या पितळी गेट व्हॉल्व्हच्या खाचेत रेती बसते आणि चावी घट्ट फिरवूनही पाणी झिरपत राहते. तिथे बॉल व्हॉल्व्ह घालावा.

घरांतली गळती बहुतेक फ्लशच्या टाकीत असते आणि ती ऐकू येत नाही. कपड्यांच्या निळीचे चार-पाच थेंब टाकीत घालायचे आणि २० मिनिटे फ्लश ओढायचा नाही. भांड्यात निळे पाणी उतरले, तर बहुधा खालचा रबरी फ्लॅपर (टाकीचे तोंड बंद करणारे झाकण) किंवा तो ज्या कडेवर बसतो त्या सीटवरचा वॉशर गेला आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार सीटवर पांढरी खरड धरतात. रबर नवे घातले तरी त्या खरडीवर ते नीट बसत नाही, म्हणून आधी बारीक पॉलिश पेपरने सीट घासून घ्यायची. हे न करता वॉशर बदलला की महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार येते आणि दोष वॉशरला दिला जातो. मात्र आतल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीतून पाणी सतत पडत असेल, तर फ्लोट (पाणी थांबवणारा तरंगता गोळा) उंच लागला आहे. पाणी त्या नळीच्या तोंडाखाली साधारण एक इंचावर थांबले पाहिजे.

इथे समितीने एक ठरवावे: वॉशर, फ्लॅपर आणि फ्लोट व्हॉल्व्हचा खर्च सोसायटीने करावा, वस्तू घरातली असली तरी. बरीच घरे भाड्याने आहेत. भाडेकरू म्हणतो मालकाने करावे, मालक कोल्हापुरात किंवा पुण्यात, आणि पाणी वाहत राहते. ३२ घरांचे वॉशर एकदम आणून एकाच प्लंबरकडून दोन दिवसांत बसवून घेतले, तर कुणाला विचारत फिरावे लागणार नाही.

दोन-बटणी फ्लश (३ आणि ६ लिटरचा) सरसकट बसवण्याची घाई करू नये. आपली जुनी भांडी १० लिटरच्या झोताला धरून बनवलेली आहेत. ६ लिटरला ती साफ झाली नाहीत तर लोक दोनदा ओढतात, आणि खालच्या आडव्या ड्रेनेजला उतार कमी असेल तर घाण अडकते. प्रत्येक विंगमध्ये तळमजल्याच्या एकाच घरात बसवून महिनाभर बघावे.

एरेटरबद्दलही (नळाच्या तोंडाला लावायची, धार कमी करणारी जाळी) तसेच. २०२४ च्या मार्चमध्ये पाणीटंचाईमुळे बेंगळूरच्या जलमंडळाने मोठ्या इमारतींत एरेटर सक्तीचे केले, तेव्हापासून आपल्याकडेही त्यांची मागणी होते. पण आपल्याला पाणी गच्चीवरच्या टाकीतून गुरुत्वाने येते. दर १० मीटर उंचीला सुमारे १ किलो दाब मिळतो. तिसऱ्या मजल्याच्या नळावर टाकीचे पाणी जेमतेम ३ मीटर उंच, म्हणजे ०.३ किलो, तळमजल्यावर १२ मीटर, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. एरेटरला किमान १ किलोच्या जवळपास दाब लागतो. तो तिसऱ्या मजल्यावर लावला तर धार करंगळीएवढी होईल आणि लोक आठवड्यात काढून टाकतील. तळ आणि पहिल्या मजल्याच्या बेसिन व सिंकला तो जरूर लावावा. तिथे १० सेकंदांत मगमध्ये पडलेले पाणी मोजून सहाने गुणले की मिनिटाचा आकडा मिळतो. साधा नळ मिनिटाला १० लिटरच्या वर सोडत असेल, तर ३ लिटरचा एरेटर पुरे. त्याची जाळी दर दोन महिन्यांनी काढून लिंबाच्या रसात भिजवावी लागते.

आता पंप, कारण सामाईक बिलात सर्वांत न पाहिलेला भाग हाच आहे. दुपारी जिन्याचे दिवे बंद असताना सामाईक मीटरचे रीडिंग घ्यायचे, टाकीचे आऊटलेट बंद करायचे आणि पातळी बरोबर ५० सेंटिमीटर चढेपर्यंत, म्हणजे ३,००० लिटर, पंप चालवायचा. पाणी संपपासून टाकीपर्यंत सुमारे १८ मीटर चढते. चांगल्या स्थितीतल्या पंपाला एवढ्या कामाला ०.४ ते ०.५ युनिट लागायला हवेत. ०.८ च्या वर गेले तर पंप, पाइप किंवा दोन्ही बिघडले आहेत. पुन्हा वाइंडिंग केलेली मोटर आणि झिजलेला इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे चक्र) ही नेहमीची कारणे. पण त्याआधी पाइप पाहावा. सव्वा इंची जीआय (लोखंडी) पाइपात आतून गंजाचे कवच वाढते आणि वाट आणखी अरुंद होते. घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून सव्वा इंचीच्या जागी दीड इंची घातला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षण ४० टक्क्यांवर येते. पाइप तसाच ठेवून २ एचपीऐवजी ३ एचपी बसवला तर घर्षणच वाढेल, बिलही, आणि मंजूर लोड वाढल्याने स्थिर आकारही. नवा पाइप बाहेरच्या भिंतीवरून जाणार असेल तर त्यावर रंगाचा हात हवा. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो.

पंपाला स्वयंचलित कंट्रोलर असावा, पण स्टीलच्या सळ्यांचा सेन्सर नको. त्यांवर क्षार बसतात आणि टाकी भरली तरी पंप थांबत नाही. चुंबकी फ्लोट घ्यावा, संपमध्येही एक, म्हणजे कोरडा पंप चालणार नाही. ओव्हरफ्लोची नळी गच्चीच्या पन्हळीत सोडलेली आहे, ती गेटसमोर सगळ्यांना दिसेल अशी उतरवावी. सध्या पावसाळ्यात टाकी वाहते आहे की पाऊस पडतो आहे, हे कुणालाच कळत नाही.

दिव्यांचे काम सोपे. जिन्यात २० जुन्या ट्यूब आहेत. तांब्याच्या चोकसकट प्रत्येकी ५० वॉटच्या वर घेते, म्हणजे १२ तासांत मिळून सुमारे १२ युनिट. १० वॉटच्या एलईडीत ते २.४ वर येतात. वायरमनला सांगून चोक आणि स्टार्टर काढूनच वायर थेट जोडून घ्यावी. चोक तसाच राहिला तर तो वीज घेत राहतो आणि एलईडी लवकर जाते. पहिल्या पायरीचा आणि मीटर खोलीचा दिवा माणूस आला की पेटणाऱ्या सेन्सरवर टाकू नये.

आता सोलरचा हिशेब. ३२ घरे, घरी चार माणसे, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज १७,२८० लिटर. आजचा पंप ३,००० लिटरला ०.९ युनिट घेतो असे धरले तर पंपाचे ५ आणि दिव्यांचे १२, मिळून १७ युनिट. १ किलोवॅट पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देते, म्हणून कोटेशनमध्ये ५ किलोवॅट आले आहेत. कामे झाल्यावर पंपाचे २.६ आणि दिव्यांचे २.४, एकूण ५ युनिट राहतील आणि २ किलोवॅट पुरतील. बोअरची मोटर नळ नसतानाच चालते, ती यात धरलेली नाही. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ते दोन्ही आकारांना मिळते. पण उरलेले पैसे सभासदांच्याच खिशातून जाणार. पॅनलचे स्टँड गच्चीला ड्रिल मारून बसवू नयेत. आपल्याकडचा पाऊस त्या भोकांतून थेट तिसऱ्या मजल्यावर उतरेल. वॉटरप्रूफिंग आधी, मग काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड, आणि हे सगळे मृगाच्या आधी.

कृपया सभेच्या विषयपत्रिकेत सोलर व बोअरच्या वर पुढील तीन बाबी घ्याव्यात: टाकीच्या चाचणीसाठी दोन रात्रींची तारीख, ३२ घरांच्या फ्लश दुरुस्तीचा सामाईक खर्च आणि पंपाचे रीडिंग घेण्यासाठी एक दुपार. टाकीवर खूण करायला आणि रीडिंग वहीत लिहायला ब विंगमधले आम्ही दोघे-तिघे येऊ. आकडे नोटीस बोर्डावर लागले की कोटेशन पुन्हा मागवता येईल.

आपला विश्वासू,
एक सभासद, ब विंग