सुभेदारसाहेबांना छत्री-स्मारकापर्यंत नेणाऱ्या गाइड ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या ब्रायटनहून बाबांना घेऊन परतल्यावर त्याच रात्री तुम्हाला मेसेज पाठवला होता, "खूप खूप धन्यवाद" असा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा वाचला आणि वाटलं, तुम्ही आम्हाला घडवलेल्या चार तासांच्या त्या फेरीचं एवढंच? म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण आपल्याकडून इथे आईवडिलांना फिरायला आणणारी माझ्यासारखी बरीच मुलं आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

मी तुम्हाला पहिला फोन केला तेव्हा माझी यादी तयार होती. रॉयल पॅव्हेलियन हा जुना राजवाडा, द लेन्समधल्या गल्ल्या, समुद्रात शिरलेला पॅलेस पिअर हा धक्का, समुद्रावर फोटो आणि संध्याकाळी परत. तुम्ही ती शांतपणे ऐकलीत आणि एकच प्रश्न विचारलात, "बाबा काय करायचे?" मी म्हटलं, लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलात होते, खडकीला, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पलीकडे क्षणभर शांतता. मग तुम्ही म्हणालात, "मग पिअर राहू दे. गुडघे किती चालतात ते सांगा."

बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ते टाळतात. ब्रायटनच्या आधी आम्ही एका मोठ्या बसच्या सहलीला गेलो होतो. तिथे झेंडा धरलेला माणूस पुढे, चाळीस जण त्याच्या मागे आणि बाबा सगळ्यांच्या मागे. तिसऱ्या ठिकाणी ते बसमधून उतरलेच नाहीत. "तुम्ही बघून या, मी इथे बरा आहे," म्हणाले. त्यानंतर ते कुठेच यायला तयार नव्हते. आयुष्यभर इतरांसाठी पूल बांधलेल्या माणसाला आपल्यामुळे कोणी खोळंबलेलं सोसत नाही. म्हणून खासगी फेरी घ्यायची ठरवली. खर्च जास्त होता, ते मी बाबांना सांगितलं नाही.

स्टेशनवर तुम्ही पहिलं वाक्य बोललात, "या सुभेदारसाहेब," तेव्हा बाबांची पाठ ताठ झालेली मी पाहिली. काका नाही, अंकल नाही. निवृत्तीनंतर हे संबोधन गावाकडच्या चार-पाच जणांच्याच तोंडी उरलंय.

डॉ. रिचर्ड रसेलने 1750 मध्ये समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिला आणि कोळ्यांच्या या वस्तीकडे आजारी श्रीमंतांची रीघ लागली, हे तुम्ही गाडीतच सांगून मोकळ्या झालात. हे पाणी ते नुसतं अंगावर घ्यायचे नाहीत, प्यायचेही, हे ऐकून बाबांनी तोंड वाकडं केलं होतं. 1841 मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि श्रीमंतांच्या पाठोपाठ साधी माणसंही आली. पाटण्यात जन्मलेल्या दीन मुहम्मदने 1814 च्या सुमारास इथे येऊन चंपीचं स्नानगृह काढलं. इंग्रजांच्या 'शॅम्पू'चं मूळ आपल्या चंपीशी जुळतं आणि पुढे राजघराण्यानेही त्याला नेमलं, हे बाबांना फार आवडलं. अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात.

पॅव्हेलियनसमोर मात्र तुम्ही घाई केली नाहीत. ते घुमट आणि मिनार मला एखाद्या सिनेमाच्या सेटसारखे वाटले. बाबांनी चष्मा वर करून विचारलं, "हे वजन कशावर पेललंय?" दुसरा कोणी असता तर राजाच्या मेजवान्यांकडे वळला असता. तुम्ही थांबलात आणि सगळं उलगडून सांगितलंत. युवराज जॉर्जसाठी आधी 1787 मध्ये हेन्री हॉलंडने साधा बंगला बांधला, मग 1815 पासून जॉन नॅशने त्याच बंगल्यावर ओतीव लोखंडाचा सांगाडा चढवला आणि घुमट त्या सांगाड्यावर उभे केले. स्वयंपाकघरातले ताडाच्या झाडासारखे खांबही लोखंडाचेच. छतावर पाणी अडवायला लावलेला मॅस्टिकचा नवीन लेप टिकला नाही आणि पाणी गळायला लागलं, हे सांगितलंत तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले. "वॉटरप्रूफिंग सगळीकडे सारखंच," म्हणाले. इतके दिवस मी त्यांना प्रेक्षणीय स्थळं दाखवत होते, पण त्यांना बघायचं होतं बांधकाम. तुम्हाला हे दहा मिनिटांत कळलं. मला, त्यांच्या मुलीला, कळलं नव्हतं.

संगीत दालनात तुम्ही आवाज खाली आणलात. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1914 पासून जानेवारी 1916 पर्यंत, हा राजवाडा हिंदुस्थानी जखमी सैनिकांचं इस्पितळ होता. फ्रान्सच्या आघाडीवरून त्यांना जहाजाने साउदॅम्प्टनला आणायचे आणि तिथून रेल्वेने इथे. या झुंबरांखाली रांगेने खाटा होत्या. शेजारच्या डोम या इमारतीसह 700 च्या आसपास. मोठ्या स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया व्हायच्या. जेवणासाठी आवारात नऊ वेगवेगळ्या चुली, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ, हिरवळीवर नमाजाची जागा, तंबूतला गुरुद्वारा.

हे सांगून तुम्ही थांबला असतात तरी आम्ही भारावून गेलो असतो. पण तुम्ही उरलेलंही सांगितलंत, आणि त्यासाठी मी तुमची विशेष आभारी आहे. राजाने आपला महाल शिपायांना दिला, असं तेव्हा हिंदुस्थानात पसरवलं गेलं. खरं तर व्हिक्टोरिया राणीने 1850 मध्येच ही वास्तू गावाला विकून टाकली होती. इस्पितळाचे फोटो आणि गुरुमुखी-उर्दूतली पुस्तिका काढली, ती घरच्यांचा विश्वास टिकावा आणि भरती आटू नये म्हणून. जखमींना गावात मोकळेपणी फिरायची मुभा नव्हती, आणि जे बरे झाले त्यातल्या अनेकांना पुन्हा आघाडीवर पाठवलं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे राजाने नाही, गावाने दिली जागा. मग गावाचे उपकार." त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, नुसती मान हलवलीत.

दक्षिणेकडच्या दरवाजापाशी आपण दोन मिनिटंच थांबलो. गुजराती धाटणीचा तो दरवाजा हिंदुस्थानने कृतज्ञता म्हणून दिला आणि पतियाळाच्या महाराजांनी 26 ऑक्टोबर 1921 ला त्याचं उद्घाटन केलं. बाबांनी खांबावर हात फिरवला, जसा गावी गेल्यावर वाड्याच्या चौकटीवर फिरवतात.

आता खरं सांगते, छत्रीकडे निघताना मी तुमच्यावर मनातून नाराज होते. गाडी वरपर्यंत जात नाही, पॅचम या वस्तीच्या पुढे ती सोडून डाउन्सच्या टेकड्यांच्या चढाने चालत जायचं, हे कळल्यावर मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, त्यांना झेपणार नाही. तुम्ही म्हणालात, "झेपेल. वेळ आपला आहे." तुमच्या पाठीवर घडीची छोटी खुर्ची आणि थर्मास मी तेव्हा पाहिला.

त्या चढावर तुम्ही जे केलंत ते मला उशिरा उमगलं. बाबांना तुम्ही एकदाही "थकलात का?" असं विचारलं नाहीत. त्यांचा श्वास वाढला की तुम्हीच थांबायचात आणि काहीतरी दाखवायचात. एकदा वाटेतला पांढरा खडू उचललात. एकदा त्यातली गारगोटी दाखवून गावातल्या जुन्या भिंती याच दगडाच्या कशा आहेत ते सांगितलंत. एकदा मेंढ्या. एकदा मागे वळून समुद्र. बाबांना वाटत होतं, बाईंना माहिती द्यायचीय म्हणून थांबतोय. वर पोचेपर्यंत ते सहा वेळा थांबले आणि एकदाही दमल्याचं त्यांना कबूल करावं लागलं नाही. मी मोजत होते. खुर्चीही तुम्ही "मला जरा टेकायचंय" म्हणून उघडलीत आणि मग त्यांनाच बसवलंत.

वर आल्यावर हिरव्या उतारावर तो पांढरा संगमरवरी घुमट दिसला, आठ खांबांवरचा. आपल्याकडे नदीकाठी समाधीवर छत्री असते तशीच. आजूबाजूला कुरण आणि वारा, आणखी काही नाही. ब्रायटनच्या इस्पितळांत जे हिंदू आणि शीख शिपाई दगावले, त्यांतल्या 53 जणांना इथे अग्नी दिला. राख समुद्रात सोडली. जिथे चिता रचल्या, त्या ओट्यांवर आता ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत. मुसलमान शिपायांचं दफन वोकिंगच्या मशिदीजवळ झालं. इथे स्मारक व्हावं ही कल्पना इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या लेफ्टनंट दासगुप्तांची. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकाराचा. अनावरण 1 फेब्रुवारी 1921 ला. हे तुम्ही अगदी थोडक्यात सांगितलंत आणि दहा पावलं मागे जाऊन उभ्या राहिलात.

बाबांनी बूट काढले. मी पुढे होणार तेवढ्यात तुम्ही ते उचलून हातात धरलेत, सहज, घरातल्या मुलीने धरावेत तसे. पायऱ्या चढून ते शिळांसमोर उभे राहिले आणि सॅल्यूट केला. बाबांचा सॅल्यूट मी शेवटचा कधी पाहिला होता ते मला आठवेना.

आणि मग तुळस. आदल्या रात्री तुमचा मेसेज होता, "घरात तुळस असेल तर चार पानं रुमालात घेऊन या." मला वाटलं होतं, खोकल्याबिकल्यासाठी असेल. मी कुंडीतली पानं तोडून पर्समध्ये टाकली आणि विसरून गेले. तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत तेव्हा लक्षात आलं. बाबांनी ती पानं शिळेवर ठेवली, तुमच्या बाटलीतलं पाणी ओंजळीतून सोडलं. शंभर वर्षांपूर्वी घरापासून इतक्या दूर गेलेल्या त्या पोरांना सातारा जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्याच्या हातचं पाणी मिळालं, ते तुमच्यामुळे.

जवळच्या भिंतीवर 2010 मध्ये त्या 53 जणांची नावं कोरली आहेत. बाबांनी ती सगळी मोठ्याने वाचली. इंग्रजी अक्षरांतलं नाव अडलं की तुम्ही हळूच सांगत होतात. मध्येच ते थांबून म्हणाले, "आमच्या ट्रेनिंगला न्यूव्ह शापेलचं नाव घेत. आमच्या वीस आणि एकवीस नंबरच्या कंपन्या तिथे पायदळासारख्या लढल्या." 28 ऑक्टोबर 1914 ची, फ्रान्समधली ती लढाई. मी त्यांची मुलगी. हे नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

खाली उतरेपर्यंत ठरलेली वेळ कधीच टळली होती. मी जास्तीचे पैसे द्यायला गेले तेव्हा तुम्ही माझी मूठ बंद केलीत आणि "बाबांना चहा द्या, थर्मासमध्ये उरलाय," म्हणालात. पैशांचं राहिलं. माझं फुगलेलं तोंड चढाच्या सुरुवातीला तुम्ही पाहिलं असणारच, त्याबद्दल मात्र माफी मागते. तुम्ही बरोबर होतात.

घरी आल्यापासून बाबा बोलतायत. खडकीच्या जुन्या सोबत्यांना फोन लावतात, ओतीव लोखंडाचा सांगाडा समजावतात, चढ किती होता ते जरा वाढवूनच सांगतात. दुसऱ्या गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळही त्यांनी स्वतः होऊन घ्यायला सांगितली आहे, भारतात परतल्यावरची.

आणखी एक. दर जूनला छत्रीवर स्मरणाचा कार्यक्रम होतो, असं तुम्ही उतरताना म्हणाला होतात. बाबांनी ते ऐकलं होतं. त्यांनी माझ्या भावाला फोन करून कपाटातली पदकं आणि बेरे ही लष्करी टोपी मागवली आहे. पुढच्या आठवड्यात पुण्याहून एक ओळखीचे येतायत, त्यांच्याबरोबर येईल. त्या दिवशी तुम्ही असाल का, तेवढं कळवा. खुर्ची आणि थर्मास या वेळी मी आणते. तुळस बाबा स्वतःच तोडणार आहेत.

तुमची,
सुभेदारसाहेबांची मुलगी